भोपळ्याला दुभाषा लागत नाही

कोबी चिरायच्या दिवशी आमच्या घरात भांडण झालं नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही. दोन सरकारांत तह झाले, मोडले, पुन्हा झाले. आमूर नदीच्या काठी तोफा आल्या आणि गंजून गेल्या. संघराज्य फुटून त्याचे तुकडे झाले. पण पहिलं हिंव पडून कोबी गोड झाला की झूयेव्हांचं सगळं खटलं माझ्या मेहुण्याच्या परसात जमायचं, आणि दुपारपर्यंत कुणी ना कुणी रुसून न्हाणीघराच्या मागे जाऊन बसायचं. संघराज्य फुटल्याच्या दुसऱ्या वर्षी मात्र रुसायची पाळी सकाळीच आली, आणि रुसलेला माणूस होता खुद्द येव्सेय, घराचा कर्ता.

मी पोचलो तेव्हा तो परसाच्या नदीकडच्या टोकाला दंताळं ओढत होता. येव्सेयचा पट्टा तुम्हाला ठाऊक आहेच. सरहद्दीवरच्या नोकरीत तीस वर्षं त्यानं नदीकाठची माती विंचरली. रोज संध्याकाळी माती विंचरून गुळगुळीत करायची आणि सकाळी तिच्यावर कुणाचं पाऊल उमटलंय का ते बघायचं, हेच त्याचं काम. नोकरी संपली, पण हाताची सवय सुटेना. म्हणून त्यानं आपल्याच परसात काठाला लागून दोन वावांचा पट्टा आखला, आणि त्यावर ना बटाटा लावू दिला ना कांदा. आमची गाय मिल्का पोहत चीनला गेली आणि तिला परत मिळवायला दोन्ही सरकारांनी एकमेकांना खलिते धाडले, ती याच काठावरून. ती हकिगत मी मागे सांगितलीच आहे. कुणाचा विश्वास बसला नसेल तर इलाज नाही, गाय आता मेली.

"दाजी," मी म्हटलं, "संघराज्य गेलं. आता कुणासाठी विंचरता?"

"माती राहिलीय ना?" तो म्हणाला आणि ओढत राहिला. मग दंताळं थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती बाई आज येतेय."

"ठाऊक आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"मी नाही म्हणणार आहे."

हेही सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याची नात उस्तिन्या, आमची उस्त्या, शाळेत भूगोल शिकवायची. बाजारात जाकिटं विकणाऱ्या देशान नावाच्या पलीकडच्या पोरावर तिचा जीव जडला होता. बाजारात त्याला सगळे दान्या म्हणत. त्याची आई फेंगझी आज उस्त्याला मागणी घालायला येणार होती. नदीत बर्फाचा चुरा वाहायला लागला होता. आजची बोट शेवटची. पुढे बर्फ घट्ट होऊन त्यावरून गाड्या धावेपर्यंत ना बोट ना रस्ता. आणि दान्यानं स्वच्छ सांगितलं होतं, की आई नकार घेऊन परतली तर तिला घेऊन तो हार्बिनला थोरल्या भावाकडे कायमचा जाणार. उस्त्यानंही तितकंच स्वच्छ सांगितलं होतं, की आजोबांच्या होकाराशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही. आई गेल्यापासून तिला यानंच वाढवलं होतं. तिच्या वेण्या हाच घालायचा, आणि सरहद्दीवरचा माणूस घालील तशाच त्या असत, सरळ आणि करकचून.

"पण सांगणार कसं?" येव्सेय म्हणाला. "तिला आपली भाषा येत नाही, मला तिची. मधे दुभाषा कोण, तर तेच पोरगं. मी नाही म्हणायचं आणि त्यानं तिला भलतंच सांगायचं."

मी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग भोपळा द्या," मी म्हटलं. "तुमच्या आईकडच्या पोल्ताव्हाच्या लोकांची रीतच आहे की. मागणी घालायला आलेल्याच्या हातात भोपळा दिला की तो नकार, विषय मिटला. आपल्या काठावर लहान पोरालाही कळतं. भोपळ्याला दुभाषा लागत नाही."

येव्सेयनं माझ्याकडे असं बघितलं, जणू बऱ्याच वर्षांत मी पहिल्यांदाच काही कामाचं बोललो होतो.

*

परसात मधोमध लाकडी डोण, तिच्या दोन्ही बाजूंना बायका, आणि अर्धचंद्री सुऱ्यांचा टकटक आवाज. माझी थोरली बहीण आग्राफेना, आमची ग्रूशाताई, म्हणजे येव्सेयची बायको, मिठाचा डबा मांडीशी घेऊन बसली होती. मीठ ती दुसऱ्या कुणाला घालू देत नसे. तिची मुलगी झीना गाजरं किसत होती आणि तोंडानं आख्खी गल्ली किसत होती.

"सोन्यासारखी मास्तरीण पोर, आणि जाकिटवाला! तोही पलीकडचा! आई, उद्या दुकानात तोंड कसं दाखवायचं?"

"तू तसंही दुकानात तोंड कमी आणि जीभच जास्त दाखवतेस," उस्त्या म्हणाली.

"बघ आई! बघ कशी बोलते आत्याला!"

"केशा, तू बोल की," ग्रूशाताईनं लेकाला डिवचलं. "पोर तुझी आहे."

केशा, उस्त्याचा बाप, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बंद पडलेलं इंजिन त्याच्याशी जितकं बोलायचं तितकंच तोही माणसांशी बोलायचा. त्यानं पिंपावर कढत पाणी ओतलं आणि म्हणाला, "बाबा म्हणतील तसं."

"वा! नदीला विचारलं असतं तर तिनंही याहून जास्त सांगितलं असतं," उस्त्या म्हणाली, आणि सुरी अशी आपटली की कोबीचा गड्डा उडून डोणीबाहेर पडला.

तो गड्डा घरंगळत फाटकाशी गेला, आणि तिथे एका जाड बुटाच्या टोकाला लागून थांबला. बुटावर निळी तुमान, कापसाचा जाड अंगरखा, बेताची उंची, वाऱ्यानं भाजलेले गाल. फेंगझीनं गड्डा उचलला, नाकाशी धरला, नखानं पान टोचून बघितलं, आणि मागे पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या लेकाला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" झीनानं लगेच विचारलं.

दान्या लाजला. "म्हणते, कोबी चांगला आहे. आणि... इतका बारीक का चिरता, घरात कुणालाच दात नाहीत का?"

क्षणभर सुऱ्या थांबल्या. मग ग्रूशाताईच्या पोटातून हसू आलं. आधी ते मिठाच्या डब्यात हललं आणि मग बाहेर पडलं. तिला खरंच चारच दात उरले होते. "सांग तिला," ती म्हणाली, "कोबी दातांसाठी नाही, पिंपासाठी चिरतो. तुमच्यात कसा घालतात?"

त्यांच्यात आख्खा घालतात, उभा, मिठाच्या पाण्यात, वर दगड ठेवून. दगड कुठला? नदीचा. आमच्या पिंपावरही नदीचाच दगड होता. फेंगझीनं तो दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं आणि मान डोलावली. मग अंगरखा काढला, बाह्या वर केल्या, झीनाला ढुंगणानं जरा बाजूला सारलं आणि सुरी हातात घेतली.

आता झीनाचं सांगतो. ती माणसाला त्याच्या कोबी चिरण्यावरून जोखते, नवऱ्यालाही तिनं असंच जोखलं होतं. फेंगझीची सुरी सुरू झाली तशी झीनाची जीभ हळू झाली, मग थांबलीच. डोणीतून कोबीचा दोरा निघत होता. खरा दोरा! तो हातात धरून ओढला असता तर आख्खा गड्डा उलगडला असता. माझा तर असा अंदाज आहे की त्या दोऱ्यानं मोजे विणता आले असते. "जाकिटांचं बघू नंतर," झीना पुटपुटली, "पण ही बाई फालतू नव्हे."

ग्रूशाताईच्या मनात काय चाललं होतं ते तिनं मला हिवाळ्यात चुलीपाशी सांगितलं. तिला आमची आजी दिसत होती. झारच्या काळात, एका उन्हाळ्यात, आमच्या काठावरच्या चिनी माणसांना हाकत नेऊन याच नदीत लोटलं होतं. आमच्या आजीच्या शेजारचा भाजीवाला त्यांत होता, त्याची बायको होती. त्यानंतर मरेपर्यंत आजीनं या नदीचा मासा तोंडात घातला नाही. घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही. ग्रूशाताई फेंगझीच्या लाल झालेल्या बोटांकडे बघत बसली, आणि मग तिनं असं काही केलं की झीनाचं गाजर किसणीवरच राहिलं. तिनं मिठाचा डबा फेंगझीपुढे सरकवला.

*

येव्सेय हे सगळं खिडकीतून बघत होता. तो बाहेर आला तो पदकं लावून. बाई उठून वाकली. यानं टाचा जुळवल्या. दोघांच्या मधे दान्या, मान खाली घालून, जणू दोन तोफांच्या मधे उभा.

"आई म्हणते, तिला आपलं घर इकडून बघायचंय. जन्मभर ती या काठाकडे तिकडून बघत आलीय, आपलं घर कधी इकडून बघितलं नाही."

कुणी वाट दाखवेपर्यंत ती थांबली नाही. बटाट्याच्या वाफ्यांमधून थेट नदीकडे निघाली, आणि आम्ही सगळे ओरडायच्या आत पट्ट्यावरून चालत गेली. पावलामागे पाऊल, ठसठशीत.

"झालं," केशा म्हणाला. दिवसभरात त्यानं स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द.

फेंगझीला आमचे चेहरे दिसले, मग मागची माती दिसली. इतकी मऊ, इतकी निगुतीनं विंचरलेली. तिनं कपाळावर हात मारला. हिवाळी लसूण पेरायचे दिवस. तिला वाटलं, आपण पेरलेला वाफा तुडवला. दंताळं कुंपणाला टेकवलेलं होतं. ते घेऊन ती मागे मागे सरकत आपलीच पावलं पुसत आली, रेघेला रेघ जुळवून, आणि विचारलं, "काय पेरलंय?"

"काही नाही," उस्त्यानं तिच्याच भाषेत सांगितलं. ही भाषा तिनं दान्याकडून कधी उचलली, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"काही नाही? एवढ्या चांगल्या मातीत?"

येव्सेय वाकला. त्यानं तिची रेघ बघितली, मग आपली बघितली. मग पुन्हा तिची. त्याच्या हाताखालून कितीतरी शिपाई गेले, पण अशी रेघ एकालाही जमली नव्हती, हे मी त्याच्या मानेवरून ओळखलं. फेंगझी तोवर काठाशी जाऊन डोळ्यांवर हात धरून पलीकडे शोधत होती. घर सापडेना. येव्सेयनं गळ्यातली दुर्बीण काढली. ती तो बायकोलाही हात लावू देत नसे. त्यानं ती पुढे केली आणि बोट दाखवलं.

"निळं छप्पर," तो म्हणाला. "धुराड्याच्या डावीकडे. दारात हंस."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. घर कुठलं ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" दान्यानं विचारलं.

"तीस वर्षं काय मी आकाश बघत होतो? पूर आला त्या साली ही छपरावर चढून बसली होती, कडेवर मूल घेऊन." त्यानं दान्याकडे तिरकं बघितलं. "तूच असशील. भोकाड पसरलं होतंस. आवाज येत नव्हता, पण तोंड दिसत होतं."

फेंगझीनं दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि एकदम किंचाळली. हंस शेजारणीच्या कोबीत शिरले होते! तिनं दुर्बीण तशीच धरून अशी शिवी हासडली, की पलीकडच्या काठावर सगळ्यांत पुढचा हंस थबकला, त्यानं मान वर केली आणि कळप घेऊन निमूट परत फिरला. तुम्ही म्हणाल, आमूर नदी केवढी रुंद! मीही तेच म्हटलं. पण हंस परतले, हे मी डोळ्यांनी बघितलं.

येव्सेय हसला. मिशीच्या एका टोकानं, पण हसला. मला माझ्या भोपळ्याची काळजी वाटायला लागली.

*

ती काळजी जेवणावर मिटली. टेबलावर उकडलेले बटाटे, खारवलेलं डुकराचं मांस, फेंगझीनं आणलेल्या वाफवलेल्या पोळ्या, आणि केशानं न बोलता उघडलेली बाटली. सगळं छान चाललं होतं. झीना तर फेंगझीच्या ताटात वाढत होती. मग फेंगझीनं हात पुसले, उभी राहिली आणि बोलली. दान्यानं तिचं बोलणं मांडलं:

"माझा मुलगा कष्टाळू आहे, दारू बेतानं पितो. तुमची मुलगी आमच्या घरात माझ्या मुलीसारखी राहील. खोलीला नवीन खिडकी काढलीय. नदीकडे."

"आमच्या घरात राहील." ते तीन शब्द येव्सेयच्या अंगावर बर्फाच्या पाण्यासारखे पडले असावेत. मिशीचं टोक खाली आलं. त्याला चिनी माणसाचा राग नव्हता, रागाच्या गोष्टी तो नोकरीच्या गणवेशाबरोबर पेटीत ठेवून आला होता. त्याला दिसत होतं एवढंच, की ज्या पोरीच्या वेण्या त्यानं घातल्या ती उद्या दुर्बिणीतून बघायची, हंसांसारखी, एवढीशी, आवाजाशिवाय.

तो उठला. तळघरात गेला. आम्हाला पायऱ्यांवरून वर येणारी जड पावलं ऐकू आली. हातात भोपळा होता, वर्षातला सगळ्यांत मोठा, नारिंगी, बैलाच्या डोक्याएवढा. झीनाच्या हातातला चमचा पडला. उस्त्या पांढरीफटक पडली. ग्रूशाताई म्हणाली, "येव्सेय, ठेव तो खाली. जरा लाज बाळग." तिनं या घरात नवऱ्याविरुद्ध तोंड उघडल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानं ठेवला नाही. टेबलाला वळसा घालून गेला आणि फेंगझीच्या हातांत दिला.

फेंगझीनं भोपळ्याकडे बघितलं. मग येव्सेयकडे. तिचे डोळे भरून आले. तिनं भोपळा छातीशी धरला, त्याच्या पोटावर लहान मुलाला थोपटावं तशी थाप मारली, आणि भराभरा बोलू लागली. हसत होती आणि रडत होती. मग भोपळा केशाच्या मांडीवर ठेवून तिनं मनगटातलं चांदीचं कडं काढलं आणि उस्त्याच्या हातात चढवलं.

"काय म्हणतेय ती?" येव्सेयनं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच चाचरला.

दान्या उत्तर द्यायला तयार नव्हता. शेवटी उस्त्यानंच सांगितलं, एकेक शब्द जपून. "म्हणते, यायला फार भीत होते. या माणसाचा चेहरा बघून वाटलं, हा नाहीच म्हणणार. आणि यानं तर भोपळा दिला. पोटात एवढ्या बिया, तेवढी नातवंडं व्हावीत म्हणून. म्हणते, यापेक्षा मोठा होकार कुणी देत नाही."

फेंगझी एकटी आनंदानं सगळ्यांकडे बघत होती, आणि तिच्याकडे कुणालाच बघवत नव्हतं.

"तू सांगितलं नाहीस तिला?" येव्सेय दान्याला म्हणाला. "आपल्या काठावर भोपळा कशाला देतात ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे." पोराची मान आता वर होती. "येव्सेय प्लातोनोविच, भोपळा तुम्ही दिलात. अर्थही तुम्हीच सांगा. तुम्ही बोला, मी शब्दाला शब्द लावून सांगेन. एक गाळणार नाही, एक घालणार नाही."

येव्सेयनं उस्त्याकडे बघितलं. ती रडली असती, पाया पडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आजोबा, जे खरं असेल तेच सांगा."

तो उभा राहिला. केशाच्या मांडीवरून भोपळा घरंगळायला लागला, तसा त्यानं तो घट्ट धरला आणि बापाकडे बघितलं. "बाबा," तो म्हणाला, "मुलगी माझी आहे. माझा होकार आहे." या माणसानं हे वाक्य कुठल्या इंजिनातून काढलं, देव जाणे.

"तुला कुणी विचारलं?" येव्सेय गुरकावला. मग फेंगझीकडे वळला.

"तिला सांग," तो म्हणाला, "हा भोपळा कापायचा नाही. इतक्यात नाही. छपरावर ठेवायचा. निळ्या छपरावर. तिकडच्या बाजूला नको, नदीच्या बाजूला. मला दिसला पाहिजे."

दान्यानं तोंड उघडलं, आणि शब्दाला शब्द लावायची त्याची सगळी ऐट गळून पडली. आवाजच फुटेना. शेवटी उस्त्यानंच सांगितलं. फेंगझीनं ऐकलं, मान डोलावली आणि उलट निरोप दिला.

"म्हणते, ठेवीन. पण दुर्बिणीच्या कडेला बुरशी आलीय, ती आधी पुसा म्हणावं."

"विहीणबाई," ग्रूशाताई उठून म्हणाली, "तुम्ही बसा, पोळी घ्या. ते मी त्याला वीस वर्षं सांगतेय."

*

बोटीपर्यंत आम्ही सगळे गेलो. भोपळा केशानं आपल्या अंगरख्यात गुंडाळून नेला. सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय आहे. झीना म्हणाली, "आमचा होकार," आणि त्यानं बिनशिक्का जाऊ दिला. दान्या आईबरोबर गेला, घर आवरायला आणि खिडकीला काच बसवायला. बर्फावर रस्ता झाला की लग्न, असं ठरलं.

परतताना ग्रूशाताईनं मला मागे ओढलं. "गुरी, भोपळ्याचं त्याच्या डोक्यात कुणी भरवलं?"

"मला काय ठाऊक, ताई."

"पन्नासच्या दशकात, मैत्रीच्या दिवसांत, तू पलीकडच्या बोयावाल्यांबरोबर नदीत बोटींसाठी तरंगत्या खुणा टाकत दोन उन्हाळे काढलेस. त्यांच्या लग्नांत जेवून यायचास. तिकडे भोपळ्याला काय मानतात ते तुला ठाऊक नव्हतं?"

"ताई," मी म्हटलं, "त्या लग्नांत इतकी दारू असायची, की भोपळा होता की नवरी, तेच मला आठवत नाही."

तिनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. लहानपणी घालायची तसाच.

मग नदी अडकली. चुरा दाट झाला, रात्रीतून करकरू लागला. ना बोट ना रस्ता. कोबी पिंपात आंबत होता, वर दगड होता. ग्रूशाताईनं झाकण उघडून बघितलं, तर फेंगझीनं घातलेले आख्खे गड्डे आमच्या चिरलेल्या कोबीच्या मधोमध उभे होते. तिनं ते तसेच राहू दिले. रोज सकाळी येव्सेय दंताळं घेऊन काठाशी जायचा. पट्टा विंचरायचा, पण एका टोकाला फेंगझीनं ओढलेल्या रेघांना हात लावायचा नाही. मग दुर्बीण पुसायचा, खूप वेळ, आणि डोळ्यांना लावायचा. परत येऊन चहाला बसायचा.

उस्त्या त्याच्यापुढे पेला ठेवायची आणि विचारायची नाही. तो साखरेचा खडा दाताखाली धरायचा, एक घोट घ्यायचा, आणि खिडकीकडे बघत म्हणायचा, "आहे."